पट्टा वाकडा धरल्याबद्दल

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा नमस्कार. तुझे गुडघे काय म्हणतात? भावोजींचा रागाचा पारा कुठवर आहे? स्वयंपाकघरातलं घड्याळ अजून सात मिनिटं पुढे असेल तर तसंच राहू दे, त्याच्याच कृपेने भावोजी कामावर वेळेत पोचतात. अक्षर बघून दचकू नकोस. ते आमच्या मास्तरांचं आहे. माझ्या उजव्या हाताची दोन बोटं जरा सुजली आहेत (काळजीचं काही नाही), म्हणून मी सांगतोय आणि ते लिहितायत. मास्तर फौजेत येण्याआधी खरोखरच शाळामास्तर होते, त्यामुळे माझं वाक्य आधी दुरुस्त करतात आणि मगच कागदावर उतरवतात. जिथे भाषा फार शुद्ध वाटेल तिथे मी नाही असं समज. (हे वाक्य लिहायला ते तयार नव्हते.)

मी मशीनगनवर कसा आलो ते तुला सांगायचं राहूनच गेलं. भरतीच्या वेळी धंदा विचारला, मी घड्याळं दुरुस्त करतो म्हणालो, तर साहेब खूश होऊन म्हणाले, म्हणजे यंत्रातलं कळतं. झालं. आता घड्याळ आणि मशीनगन यांचं नातं एवढंच की दोन्ही टकटक करतात. या गनला दोन माणसं लागतात. पहिला नंबर चाप ओढतो, ते मास्तर. दुसरा नंबर मी. मी गोळ्यांचा पट्टा दोन्ही हातांवर सरळ धरायचा, तू लोकर गुंडाळताना मी हात पुढे करून बसायचो ना, अगदी तसा. पट्टा जरा वाकडा गेला की गन अडकते. शिवाय नळी तापली की ती काढून दुसरी लावायची. पहिल्यांदा काढलेली तापलेली नळी मी घाईघाईने जी मऊ जागा दिसली तिथे ठेवली, आणि ती मऊ जागा म्हणजे हवालदारांचा घडी घातलेला रेनकोट निघाला. तेव्हापासून पाऊस आला की हवालदार भिंतीला पाठ लावून उभे राहतात. गनला आम्ही आत्याबाई म्हणतो. कणभर धूळ लागली की बोलणं बंद, आणि पावसात आम्ही भिजायचं, पण तिच्यावर ताडपत्री. बोलायला लागली मात्र की समोरच्याचे कान जातात. मास्तरांचे गेलेच आहेत. परवा मी विचारलं जेवलात का, तर म्हणाले साडेसहा. (हे त्यांनी निमूट लिहून घेतलं, म्हणजे बहुतेक नीट ऐकू आलं नसावं.)

आता मुद्द्याचं. आमचा मोर्चा एका रिकाम्या शाळेच्या वरच्या वर्गात आहे. दोन बाकं जोडून त्यावर आत्याबाई, खिडकीत वाळूच्या गोण्या, आणि फळ्यावर कुणीतरी अर्धवट टाकलेली बेरीज. ती चुकली होती. मास्तरांनी पहिल्याच दिवशी गन ठेवायच्या आधी ती दुरुस्त केली. खिडकीखाली पूल आहे, आणि पुलावरून कुणालाही येऊ द्यायचं नाही असा हुकूम. कारणही तसंच होतं. आदल्या आठवड्यात पलीकडच्यांनी चाकांवर गन ढकलत आणली आणि आमची दोन माणसं गेली. त्यातला एक आमच्याच वर्गात, माझ्या शेजारच्या बाकावर निजायचा. त्याचे बूट अजून तिथेच आहेत, कुणी उचलत नाही.

मंगळवारी सकाळी इतकं धुकं होतं की पुलाचा कठडासुद्धा दिसेना. तेवढ्यात चाकांची करकर ऐकू आली. एवढा आवाज मास्तरांनाही ऐकू गेला. ते ओरडले, “थांब! काय आणलंयस?”

धुक्यातून उत्तर आलं, “मशीन आहे साहेब, मशीन!”

ताई, त्या क्षणी तो शब्द आम्हाला एकाच अर्थाने कळत होता. मास्तरांनी चाप ओढला. पाच-सहा गोळ्या गेल्या असतील, तेवढ्यात माझ्या हातून पट्टा वाकडा गेला आणि आत्याबाई अडकल्या. मी झाकण उघडलं, घाईत ते बोटांवरच आपटलं. मास्तर मला वाट्टेल ते बोलत होते. तोवर धुक्यातून एक हातगाडी बाहेर आली. ढकलणारा शिंपी. गाडीवर शिलाईमशीन, आणि त्याला दोन्ही हातांनी मिठी मारून बसलेली त्याची म्हातारी आई. एक गोळी मशीनच्या खणातून गेली होती. सगळ्या पुलावर दोऱ्याची रिळं घरंगळत होती. शिंपी हात वर करून उभा होता, आणि तरी सांगतच होता, “पायाचं आहे साहेब, पायाचं.”

मास्तर खाली गेले आणि ओणवे होऊन एकेक रीळ गोळा करू लागले. म्हातारी त्यांना रंग सांगत होती, अजून एक निळं राहिलंय बघा.

मग चौकशी झाली. साहेबांनी विचारलं, गन का थांबली? मी म्हणालो, पट्टा वाकडा धरला. इतके महिने शिकवून पट्टा धरता येत नाही म्हणून त्यांनी मला फैलावर घेतलं, ‘हलगर्जीपणा’ असा शेरा लिहिला आणि गनवरून काढलं. लिहून झाल्यावर ते खिडकीशी गेले, खाली म्हातारी रिळं मोजत बसली होती तिच्याकडे बराच वेळ बघत राहिले, आणि टोपी घालून निघून गेले.

बाकी ठीक. भावोजींना नमस्कार सांग.

तुझा,
धाकटा

ता. क. पत्र घेऊन आलेला माणूस तोच शिंपी. त्याला आपल्या गावात जागा हवी आहे. दुकानातलं माझं खिडकीजवळचं टेबल माळ्यावर टाक आणि तिथे त्याचं मशीन बसू दे, शिवणाला उजेड लागतो. मला त्या टेबलाची घाई नाही.

ता. क. ताई, हे त्याने सांगितलेलं नाही. औषधाने त्याला झोप लागली आहे, म्हणून मी लिहितो. गन आपोआप अडकली नाही. त्याने पट्ट्याबरोबर स्वतःचा हात आत घातला. झाकण नंतर उघडलं, तेही मी, बोटं सोडवायला. मी विचारलं, तुला कसं कळलं? म्हणाला, म्हातारी खोकली. मला खोकला ऐकू आला नव्हता. खरं सांगितलं तर हुकूम मोडल्याची शिक्षा त्याला आणि गोळ्या झाडल्याचा डाग मला, म्हणून त्याने हलगर्जीपणा पत्करला आणि मला शपथ घातली. ती मी आत्ता मोडतो आहे. वाचून झाल्यावर एवढा तुकडा जाळून टाका.

बोटं सुजलेली नाहीत. दोन्ही गेली. तो घरी येईल तेव्हा त्याच्या हाताकडे बघून कृपा करून रडू नका. मी रडलो, तर फार वैतागला.