पोकळ दगडाची पैज

प्रिय शिवप्रिया,

रविवारपासून तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र वीरभद्रमामाच्या हाती सोलापूरला पाठवतेय. राग असू दे, पण शेवटपर्यंत वाच.

विहीर खोल करताना निघालेला तो वाटोळा दगड उचलून तू म्हणाली होतीस, आकाराच्या मानानं हलका आहे, लाव्हा थंड होताना राहिलेल्या पोकळीत तयार झालेला असणार, आत स्फटिक असतील. पण तोवर आजींनी त्याला विभूती लावून, लिंग म्हणून कडुनिंबाखाली मांडलं होतं. तू फोडू या म्हणालीस आणि घर पेटलं. "देवावर घण घालायला शिकवत्यात व्हय कालिजात?" आजी कडाडल्या, बाबांनी मान डोलावली आणि तुझं भूगर्भशास्त्र तिथंच अडलं. नर्सिंगचा अर्ज भरायचं ठरलं. मी मधे पडले नाही, कारण आजींशी भांडून काही मिळालं नसतं.

लग्न होऊन अणदूरला आले तेव्हापासून मी माळावरच्या गारगोट्या वेचते. नळदुर्गच्या वाटेवर कुठं खोदकाम दिसलं की गाडी थांबवायला लावते. "मीठ संपलं तर तुझी आई आमटीत दगड टाकंल," ही बाबांची थट्टा तू लहानपणापासून ऐकतेस. पण या नादाचं शास्त्र असतं, ते शिकता येतं, हे मला तुझ्यामुळं कळलं.

सोमवारी पूजा आटोपून आजी आपलं इष्टलिंग परत गळ्यातल्या चांदीच्या डबीत ठेवत होत्या. मी हळूच म्हटलं, "अव्वा, तुमचा देव तर कायम तुमच्या गळ्यात. त्याच्याशिवाय दुसरा मानत नाही म्हणता, मग झाडाखालचा कुणाचा?" त्या हसल्याच. "लई शानी झालीस गं! फोड. पोकळ निघाला तर पोरगी दगडं शिकंल. भरीव निघाला तर ती नर्सिंगला, अन् तू रोज ह्याला पानी घालायचं."

त्यांनीच बेलपानं उतरवली, विभूती धुतली. मी छिन्नीनं दगडाभोवती खाच पाडत गेले. तुझं सगळं त्या एका दगडात होतं गं. "भरीवच हाय," बाबा म्हणाले. तेवढ्यात ठोक्याचा आवाज बदलला आणि दगडाची दोन शकलं झाली. आत गच्च जांभळे स्फटिक! आजी एक शकल उन्हात फिरवत राहिल्या. "आगं बया, इतके दिस म्या ह्याला निस्तं वरनंच बघितलं!"

शुक्रवारी बाबा तुझी गुणपत्रिका घेऊन सोलापूरला येतायत, भूगर्भशास्त्राचा प्रवेश घ्यायला. आजीही निघाल्यात, प्राध्यापकांना विचारायचंय म्हणे, पोटात असं घेऊन दगड किती वर्षं गप बसतो. ही बातमी तुला दुसऱ्या कुणाकडून नाही, माझ्याकडून कळावी म्हणून लिहायला बसले. स्टँडवर ये. जिंकलीस, पोरी!

तुझ्याइतकीच आनंदात असलेली, तुझीच
आई