तीन पडदे आणि आईचा स्वेटर

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा, तुझा राग गृहीत धरून, साष्टांग नमस्कार. गुडघे कसे आहेत? भावजींचा खोकला? माझी तब्येत ठणठणीत आहे, तोंड मात्र दाखवण्याच्या लायकीचं नाही, म्हणून पत्र.

तू दुसऱ्यांदा विणलेलं उसवलंस, असं भाचीने कळवलं. पाठ आणि दीड बाही! (उसवलेल्या लोकरीचा फोटोही तिने पाठवला.) नातीसाठी आईच्या स्वेटरसारखा स्वेटर विणायचा, तोच मोरपंखी रंग हवा, आणि तो स्वेटर घातलेला आईचा फोटो विटलेला, म्हणून त्याचे रंग मी सुधारून द्यायचे, एवढंच तुझं मागणं होतं. तीस वर्षं स्टुडिओत लोकांचे चेहरे उजळवून पोट भरणारा भाऊ घरात असताना तू दुसरीकडे कशाला जाशील? स्वतःच्या आठवणीपेक्षा तुला माझा शब्द मोठा वाटला, याचंच मला जास्त लागतंय.

पहिला गाढवपणा असा. डोळ्यांना त्रास नको म्हणून कॉम्प्युटरचा पडदा पिवळसर करायची एक सोय असते. ती मी कधीतरी चालू केली आणि साफ विसरलो. त्या पिवळ्या पडद्यावर स्वेटर हिरवट दिसला, म्हणून मी त्यात निळा ओतत गेलो, आणि मोरपंखी झाल्यावर स्वतःचीच पाठ थोपटली. तुझ्याकडे पोचेपर्यंत आईवर शाईची दौत सांडलेली! तू बिचारीने तशीच लोकर आणलीस आणि पाठ विणून झाल्यावर म्हणालीस, "हा आईचा नव्हे रे." मी वर तुलाच म्हणालो, "चष्मा बदल." (हे वाक्य मी परत घेतो. चष्मा मीच बदलला आहे.)

मग स्टुडिओतून रंग मोजायचं यंत्र आणलं. पडद्याला चिकटवलं की ते त्याचे रंग तपासून त्याला ताळ्यावर आणतं. माझा पडदा आला ताळ्यावर, फोटो पुन्हा केला, छातीठोकपणे पाठवला. पण तुझ्या घरातल्या पडद्यांना ताळ्यावर कोण आणणार, हे डोक्यातच आलं नाही. भावजींच्या लॅपटॉपवर स्वेटर शेवाळी झाला, आणि तू लोकर आणलीस ती त्यावरूनच. भाचीच्या मोबाइलवर तर आई वरातीला निघाल्यासारखी चमकत होती म्हणे. तीन पडदे, तीन आया, आणि आपली तेवढी तुझ्यापर्यंत पोचलीच नाही. तुझी बोटं सकाळी वळत नाहीत हे मला माहीत आहे, आणि त्याच बोटांना मी दोनदा फुकट राबवलं. चुकलो, ताई.

आता नवी लोकर आणू नकोस. भावजींना नमस्कार, नातीला पापा.

तुझा,
धाकटा

ता. क. : माझा पडदा बरोबर आहे हे मला कसं कळलं, असं तू विचारशीलच. स्वेटर शेजारी धरून रंग जुळवला.

आणखी ता. क. : होय, तोच. आई गेली तेव्हा तू कपाटं उपसत होतीस आणि मी "मला काय माहीत" म्हणालो, तेव्हा तो माझ्या पिशवीत होता. मागितला असता तर तू दिला असतास, हे तेव्हाही कळत होतं. रविवारी घेऊन येतो. खिडकीशी धरून बघ, रंग एकच दिसेल. डाव्या कोपराला भोक पडलंय, मी घरात घालतो म्हणून. रागावून झालीस की तेवढं विणून देशील?