इशिई-आजींच्या विहिरीवरची डाळ

९ एप्रिल २००६, रविवार
श्री म्हणतो, "चेरीचा बहर संपला, नाना. उशिरा आलात." मला काय त्याचं! वाफ्यात मेथी वर आली, माझा बहर तोच.
सगळे मराठी लोक उरायासुत, समुद्राकाठच्या इमारतींत. आमचे चिरंजीव श्री मात्र चिबा प्रांताच्या या दुसऱ्या टोकाला, भातखाचरांत. पहाटे टोकियोची गाडी, दिवसभर कॉम्प्युटर, रात्री घर. भाडं कमी आणि घरमालकीण सोन्यासारखी, म्हणून. इशिई-आजी. माझ्याहून चार वर्षांनी मोठ्या, एकट्याच राहतात. त्यांच्या नि आमच्या घरामध्ये त्यांची हातपंपाची विहीर. सूनबाई मृणाल भाषांतराच्या नोकरीवर जाते, तेव्हा स्वयंपाकघर माझ्या ताब्यात. डाळ मी विहिरीच्याच पाण्यात लावतो. लोण्यासारखी शिजते.

१५ एप्रिल, शनिवार
आजींकडे गॅस कंपनीचे सेकी-सान आले होते. मृ. दुभाषी, मी चहाला.
इथे जमिनीखाली खूप खोल जुनं खारं पाणी आहे, त्यात गॅस विरघळलेला. ते पाणी वर ओढायचं, गॅस काढून घ्यायचा. (खाचरात बुडबुडे येतात ते हेच होय! मी आपला बेडकांना श्रेय देत होतो.) त्यासाठी आजींचं मागचं शेत भाड्याने हवंय. लांब मुदतीचा करार.
आजींची पंचाईत अशी. भाडं आलं तर गळकं छप्पर नीट होईल, याच घरात राहता येईल. पण विहीर खारट झाली, जमीन खचली, तर नागोयाला मुलाच्या फ्लॅटमध्ये जावं लागेल. "आठव्या मजल्यावर कांदे कुठे लावू?"
सेकी-सान सरळ वाटले. काहीच होणार नाही अशी थाप मारली नाही. म्हणाले, "तुमच्या विहिरीपर्यंत परिणाम पोचणार नाही असं वाटतं."
आजी : "वाटतं म्हणजे?"
त्यांनी हातातले कागद पुन्हा उलटून पाहिले.

२२ एप्रिल, शनिवार
आजींच्या मुलाचा नागोयाहून फोन. तो मोटारींच्या कारखान्यात इंजिनियर. 'आई, करारावर शिक्का मारून टाक.' (इथे सहीऐवजी स्वतःच्या नावाचा शिक्का चालतो.) आजींनी फोन ठेवला आणि पंप असा हाणला की माझी बादली ओसंडून पायजमा भिजला.
मग मला, "नाना-सान, तुमचं मत?"
म्हटलं, गॅसमधलं मला सिलिंडर बदलण्यापलीकडे कळत नाही. पण पाणी बिघडलं की आधी डाळीला कळतं. आमच्याकडे बोअरचं जड पाणी आलं तेव्हा शिट्ट्यांवर शिट्ट्या झाल्या, तूरडाळ ढिम्म. आज हे पाणी कसं आहे ते बघून ठेवा, म्हणजे पुढे फरक समजेल.
पटलं त्यांना. उद्या त्यांच्या शेगडीवर डाळ.

२३ एप्रिल, रविवार
फजिती. उकळ उकळ उकळली, तरी दाणा न् दाणा वेगळा. आजींचा चेहरा उतरला. परवापर्यंत माझ्याकडे लोणी, आणि आज हे! म्हणजे विहीर आधीच गेली? इतकी वर्षं ज्या पाण्यावर...
संध्याकाळी मुलाचा फोन. मग आता राखायला उरलं काय, उद्याच शिक्का मार. मृ. सांगत होती, आजींनी शिक्का ड्रॉवरमधून काढून टेबलावर ठेवलाय.
जेवण गेलं नाही. कुणी सांगितलं होतं नाक खुपसायला? पातेलं घरी आणून तसंच भिजत टाकलंय.

२४ एप्रिल, सोमवार
सकाळी पातेलं घासायला घेतलं. तळाशी दोन कोया!
"मृणाल!" अशी हाक मारली की ती एका पायात मोजा घालून धावत आली. कोया बघून मट्कन खाली बसली. "नाना, उमेबोशी!" म्हणजे इथलं आंबट-खारट फळाचं लोणचं, भाताबरोबर खातात ते.
तसेच आजींकडे गेलो. आजी शांतपणे, "हो, मीच घातली. तुम्ही वाफ्यात कोथिंबीर खुडत होता. नुसती पाण्यातली डाळ पाहुण्याला कशी द्यायची? चव नको?"
अहो बाई, आंबट आधी पडलं तर डाळ जन्मात शिजायची नाही! म्हणून तर आमसूल शेवटी.
मृ.ची गाडी चुकली. तिघंही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. पुन्हा लावली. आजींना हात मांडीवर ठेवून बसवलं. लोणी! शिक्का परत ड्रॉवरमध्ये.

२९ एप्रिल, शनिवार
सेकी-सान आले. आजी ताठ बसून म्हणाल्या : विहिरीचं पाणी आधी तपासा. बाटली मी भरणार, माझ्यासमोर बूच लावायचं, मध्ये कुणाचा हात नको. (इथे माझ्याकडे बघून स्वतःच हसल्या.) खोदल्यावर पुन्हा पुन्हा तपासा. जमीन खचते का तेही मोजा. आणि पाणी बिघडलं तर काम थांबवायचं, हे करारात लिहा.
सेकी-सान म्हणाले, तपासणी नक्की. थांबवण्याचं वरच्यांना विचारतो. आणि दातांतून श्वास आत ओढला.
रात्री श्री : "असा श्वास ओढला म्हणजे अवघड समजा, नाना."
असेना. 'नाही' तर म्हणाले नाहीत. आणि डाळ दोनदा घेतली.

२४ जून, शनिवार
बॅगा दारात. व्हिसा संपतोय.
तपासणीचा निकाल आला, पाणी उत्तम. करारातल्या त्या अटीवर कंपनीचं उत्तर अजून नाही. आजी म्हणतात, मला घाई नाही, गॅस कुठे पळून जात नाही. परवा मुलगा नागोयाहून येऊन स्वतः छपरावर चढला होता. तात्पुरता पत्रा ठोकला, उतरून विहिरीचं पाणी तांब्याभर प्यायला. शिक्क्याचा विषय काढला नाही. मुलगा चांगला आहे हो, लांब राहून घाबरतो इतकंच.
काल आजींना तूरडाळीची बरणी देऊन ठेवली. महिन्याला मूठभर शिजवायची. नाही शिजली तर मृ.ला सांगायचं, आधी कंपनीला फोन, मग मला.
आत्ता आजी दारात. हातात झाकलेला वाडगा. एकटीने केली म्हणे, कुणाला न विचारता. एक दाणा बोटांत धरून दाबला. विरघळला.
वर एक उमेबोशी. शेवटी घातलेली.