एकतीस नंबरचं पान

९ सप्टेंबर २०२५
आले एकदाची नाशिकला! सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत कामासाठी शेड मिळालीय. शेजारी लेथचा खडखडाट, समोर चहाची टपरी, आणखी काय हवं? लोकांनी आपणहून पोलिसांकडे जमा केलेल्या कोयत्या-तलवारींची पानं असलेलं झाडाचं शिल्प करायचं आणि दोन ऑक्टोबरला चौकात उभं करायचं. त्यात यंदा गांधीजयंतीलाच दसरा! आईला फोनवर सांगितलं, तर म्हणाली, उत्तरा, आधी स्वतःची बोटं सांभाळ.

१० सप्टेंबर
प्रत्येक हत्याराला नंबराचा पत्रा बांधलेला आहे. माझे बाबा सुतार. कामाला हात लावण्याआधी ते सामानाला हळदकुंकू वाहायचे, नारळ फोडायचे. मीही सगळी हत्यारं मांडून तसंच केलं, बाबांचं ठरलेलं वाक्यही म्हटलं. वेल्डर संतोषभाऊ बघत होते. म्हणाले, मशीन पूजताना आपण म्हणतो, वर्षभर चालत राहा. ताई, तुम्ही यांना काय सांगितलंत? मला हसू आलं. भाऊ मोठे शंकेखोर, पण खोबरं दोनदा मागून घेतलं!

१४ सप्टेंबर
सगळ्या धारा ग्राइंडरवर बोथट करून झाल्या. शेड झाडणाऱ्या यशोदाबाई एकतीस नंबरच्या कोयत्यापाशी बसून राहिल्या होत्या. त्यांचा थोरला, मल्हारी, तीन वर्षांपूर्वी भांडणात मारला गेला. धाकट्या रवीने सूड घ्यायला हा कोयता आणलेला. बाईंनी पोटच्या पोराचे पाय धरले, तेव्हा कुठे त्याने तो जमा केला. त्याची लेक सहा महिन्यांची आहे. बाई म्हणाल्या, "ह्याला अजून रगत लागलं नाय. पार वरती लावा ताई, कुणाचा हात पुरायला नको." मी शब्द दिला. फार भरून आलं.

१९ सप्टेंबर
झाड छान धरतंय. एकतीस नंबर अगदी शेंड्यावर जोडला होता, सकाळी पाहते तर खाली पडलेला. संतोषभाऊ वरमले. त्यांच्या वेल्डिंगचा टाका कधी सुटत नाही म्हणे. पुन्हा जोडला.

२३ सप्टेंबर
तिसऱ्यांदा खाली. बाकी एकही पान हललेलं नाही. मूठ माझ्या टेबलाकडे होती, पात्यावर कुंकू. ओलं! मी लावलेलं तर वेल्डिंगच्या जाळात केव्हाच गेलं असणार. भाऊंना विचारलं, त्यांनी लेकीची शपथ घेतली. मला भीती वाटतेय, उगाच कशाला लपवू?

२७ सप्टेंबर
त्याला धार आलीय. कागद नुसता टेकवला तर चिरला. कुणी लावली? ग्राइंडरची काळी भुकटी माझ्याच ओढणीवर सापडली. काल दुपारी मी खोलीवर झोपले होते. होते ना?

१ ऑक्टोबर, खंडेनवमी
भाऊंनी वेल्डिंग मशीनला झेंडूची माळ घातली, झाडाकडे पाठ करून. म्हणाले, त्या दिवशी काय मागितलंत ते आठवा.
आठवलं. बाबांचं वाक्य. हाती घेतलेलं काम तडीस जाऊ दे.
बाकीची हत्यारं आपापलं काम करून आलीत. ज्याचं राहिलंय तो हा एकच. आणि रक्त कुणाचं घ्यायचं, हे मी सांगितलंच नव्हतं —

२ ऑक्टोबर, सकाळ
झाड चौकात नेलं. शेंडा रिकामा.
कोयता माझ्याकडे आहे. पिशवीत कसा आला, माहीत नाही. टाकायला म्हणून उचलला, आता उजवी मूठ उघडत नाही. डाव्या हाताने लिहितेय. शेडमध्ये एकटीच. शटर पाडलंय, आतून कडी नाही —

नऊ वाजले
यशोदाबाईंना फोन केला. कुणी येऊ नका म्हटलं. त्या म्हणाल्या, रवी तर निघाला. आपट्याची पानं घेऊन. ताईंनी शब्द पाळला, त्यांना पहिलं सोनं —

बाहेर मोटारसायकल थांबली.
परत जा म्हणतेय. तोंडातून आवाज फुटत नाही.
शटर वर जातंय. हसतोय. टेबलावर पानं ठेवली. ताई म्हणतोय, पाया पडतो —
नको रवी, वाकू नको. मान — माझा हात वर