नळीतलं पाणी निळं झालं!

अनसिंग, मंगळवार, संध्याकाळ

निळं! खरंच निळं.

संशोधन सोडायचं ठरवूनच मी घरी आले होते. माझा जिवाणू हवेतल्या नायट्रोजनचा अमोनिया करतो, पण बाहेर झिरपेल तेवढा पेशीच्या आवरणातल्या दारातून परत आत ओढून घेतो. मग पिकाला काय मिळणार? म्हणून मी ते दारच काढून टाकलं होतं. तरी इतके महिने चाचणीच्या नळीतलं पाणी आपलं जसंच्या तसं.

आज आईसोबत मळ्यात वांगी तोडत होते, तेवढ्यात प्रयोगशाळेतल्या मैत्रिणीनं फोटो पाठवला. अमोनिया बाहेर आला की चाचणीत पाणी निळं होतं. झालंय! पेशी फुटून तर बाहेर आला नाही ना? लगेच फोन केला. तिनं आधीच तपासलं होतं, पेशी शाबूत आहेत.

"एकटीच काहून हासून राह्यली व?" आईनं विचारलं. मी सगळं सांगितलं.

"म्हंजे आता तो जंतू आपल्या वांग्याले खाऊ घालीन?"

"लगेच नाही, आई. आजून लय वर्षं लागतीन."

"मंग इथं काय करून राह्यली?" तिनं माझ्या हातातली टोपली घेतली. "सकाळच्या गाडीनं जाय."