रौप्यमहोत्सवाच्या कार्डाचा नमुना

जळगाव,
बुधवार, ११ डिसेंबर १९८५

तीर्थरूप पितांबर नाना यांस, यादवचा सविनय जयभीम.

मी इकडे खुशाल आहे. हे वाक्य एरवी आपण सवयीने लिहितो, पण या खेपेला ते नीट वाचावे आणि घरात मोठ्याने वाचून दाखवावे. काकूंचे गुडघे कसे आहेत? वरणगावच्या कारखान्यात तुम्हाला अजून पहाटपाळीच आहे, की साहेबाला थोडी दया आली?

आमच्या कॉलेजचा यंदा रौप्यमहोत्सव. साधं पत्रक न पाठवता छापील चित्राचं पोस्टकार्ड पाठवायचं, असं प्राचार्यांच्या मनात आलं. मी मराठीचा हंगामी अध्यापक (तीन वर्षं हंगामी, इतका लांब हंगाम कापसाचासुद्धा नसतो), पण फळ्यावरचं अक्षर बरं, म्हणून काम माझ्या गळ्यात पडलं. ‘कार्ड जमवा, जूनपासून कायमची ऑर्डर देतो,’ असं प्राचार्य चारचौघांत म्हणाले. म्हणजे माझी नोकरी तळहाताएवढ्या कागदावर येऊन बसली.

मग सात जणांची समिती बसली. मनात येईल ते बोला, असं सांगितल्यावर अर्थशास्त्राच्या सरांनी केळीचा घड सुचवला, एकेक केळं म्हणजे एकेक विभाग. आपलं केळं लहान नको यावरून पाऊण तास गेला. पदार्थविज्ञानवाल्यांना भुसावळचं इंजिन हवं होतं आणि त्याच्या धुरातून ‘सुस्वागतम्’ निघायला हवं होतं. संस्कृतच्या सुनंदाबाईंनी सरस्वती, हंस, कमळ आणि मागे उगवता सूर्य मागितला (मावलं असतं तर तळंही मागितलं असतं). प्राचार्यांनी सगळ्यांचं शांतपणे ऐकलं आणि खिशातून स्वतःचा फोटो काढून टेबलावर ठेवला. तो आधीच अंडाकृती कापून आणला होता. चित्राचा प्रश्न तिथेच मिटला.

मजकुरावर तर ‘सस्नेह’ की ‘आग्रहाचे’ यावरच गाडी अडली. म्हणून नमुन्यात फोटोखाली नुसतं प्राचार्यांचं नाव घालायचं ठरलं, काळ्या शाईत. तेवढ्यात एका सदस्याने (याने मुंबईला एकदा कसलंसं प्रदर्शन पाहिलं होतं) सुचवलं की कार्डाचा एक कोपरा तिरका कापावा, मुंबईला हल्ली तसंच करतात. मुंबईचं नाव निघाल्यावर सगळ्यांनी माना डोलावल्या. चहा घेऊन आलेला आमचा धुळ्याकडचा शिपाई हिलाल मात्र नमुना बघून दचकला. म्हणाला, “सर, हाई ते मयतनं कार्ड शे!” त्यावर सातही पदवीधर पोट धरून हसले आणि त्याला साखर कमी आहे म्हणून परत पाठवलं. नाना, कोणी गेल्याचं कळवताना कार्डाचा कोपरा फाडतात, हे आम्हा सातही जणांना आपापल्या घरी ठाऊक होतं. मीटिंगच्या खोलीत मात्र ते कोणालाच ठाऊक नव्हतं.

पोस्टात शाई पसरते का ते पाहायला प्राचार्यांनी पहिला नमुना स्वतःच्या सासुरवाडीला, धुळ्याला टाकायला लावला. फोटो, खाली नाव, कोपरा कापलेला, बाकी कोरं! परवा दुपारी कॉलेजच्या दारात भाड्याचा टेम्पो उभा राहिला. पंधरा माणसं उतरली, बायकांनी तिथेच हंबरडा फोडला. प्राचार्य डबा सोडून धावत बाहेर आले. सासूबाई रडताहेत म्हटल्यावर सासरे गेले असं समजून त्यांनीही गळा काढला. तिकडे सासूबाईंच्या डोळ्यांवर पदर, त्यामुळे आपल्याबरोबर कोण रडतंय हे त्यांना दिसेना. दहा मिनिटं हा सोहळा चालला. शेवटी सासरेच टेम्पोतून सावकाश उतरले, तेव्हा प्राचार्यांनी हुंदका गिळून विचारलं, “मग गेलं तरी कोण?” सासरे म्हणाले, “तुम्ही.”

विद्यार्थ्यांनी टाळ्या वाजवल्या, ते एक बरं झालं नाही. कालपासून चौकशी सुरू आहे. कोपऱ्याची कल्पना कोणाची, एवढाच प्रश्न आहे. समितीत इतकी अक्कलशून्य माणसं भरल्यावर दुसरं काय होणार?

सर्वांना जयभीम, लहानांना आशीर्वाद.

तुमचा,
यादव

ता. क. १ : तो मुंबईचं प्रदर्शन पाहिलेला सदस्य मीच. इतिवृत्तात माझं नाव आहे, आणि त्याखाली प्राचार्यांनी आज लाल रेघ मारली. जूनचं काय ते तुम्ही समजून घ्या. हिलालची माफी मागायला गेलो, तर त्यानेच मला चहा पाजला.

ता. क. २ : आता खरं काम. छपाईच्या आनंदात एक नमुना मी आईलाही टाकला. त्यावर फोटो नाही, नुसती माझी वेलबुट्टी आहे. तिला वाचता येत नाही म्हणून मजकूर एका ओळीचाही लिहिला नाही, याची आता लाज वाटते. पण पत्त्यावरचं माझं अक्षर ती ओळखते, आणि कापलेल्या कोपऱ्याचा अर्थ तिला आम्हा सातांपेक्षा चांगला कळतो. आपल्या गावची टपाल थैली आठवड्यातून एकदाच, गुरुवारी उघडते, म्हणजे उद्या. म्हणून हे पत्र पोस्टात न टाकता आज रात्रीच वरणगावला परतणाऱ्या तुमच्या शेजारच्या देवचंदच्या हाती देतो आहे. पाळी बुडाली तरी चालेल, पण पोस्टमनच्या आधी गावी पोचा. ती विचारील, पोरगं जिवंत आहे ना. हो म्हणा. मग विचारील, नोकरी पक्की झाली का. त्यालाही हो म्हणा. एका दिवसात तिला दोन धक्के नकोत.