मिठाच्या पाण्यात वीस

सोमवार, ३ तारीख

लागले एकदाची कामाला! पदवीचा कागद घेऊन वर्षभर घरी बसले तेव्हा आई म्हणायची, आता तुलाच फ्रेम करून भिंतीवर लावते. कारखाना म्हणजे दोन खोल्या आणि एक गच्ची. आम्ही फासे बनवतो. लुडोचे नाहीत हं. काही लोक टेबलाभोवती बसून अख्खी गोष्टच खेळतात, कोणी चेटकीण होतं, कोणी दरोडेखोर, आणि तलवार लागली की हुकली ते फासा ठरवतो. एका संचात सात फासे, सगळ्यात मोठा वीस बाजूंचा. प्रत्येक संचाची थीम वेगळी: समुद्र, जंगल, भुताटकी. पारदर्शक रेझिनमध्ये (पातळ ओतायचं, काचेसारखं घट्ट होतं) शेवाळ, शिंपले, वाळकी फुलं. आज मी एका फाशात इवलासा खेकडा बसवला आणि दिवसभर स्वतःवरच खूश होते.

बुधवार, ५

ताईंनी (मालकीणच, पण तसं म्हटलं की चिडतात) मिठाचं पाणी दाखवलं. बरणीत भरपूर मीठ विरघळवायचं, फासा तरंगायला सोडायचा, टिचकी मारायची. दर वेळी वेगळा आकडा वर आला तर फासा सरळ. एकच येत राहिला तर त्याची एक बाजू जड, म्हणजे खोटारडा. तो हातोडीने फोडायचा. पॉलिशवाल्या काकांना सगळे घासूकाका म्हणतात. त्यांच्या मते मिठाच्या पाण्यापासून आणि सासूपासून काही लपत नाही.

मंगळवार, ११

आज माझ्या हातून— नीट लिहिते. एक गृहस्थ आले होते. त्यांची मुलगी सहा महिन्यांपूर्वी गेली, सायकलवरून जाताना. माझ्याच वयाची. तिचा गट दर शनिवारी चारला खेळतो. पाकिटात तिच्या केसांची बट होती. हे फाशांत घाला, म्हणाले, म्हणजे ती टेबलावर असेल. ताईंनी काम मला दिलं, माझा हात हलका म्हणून. दुपारी कोपर लागलं आणि रेझिनचा कप बटेवर सांडला. पुसायला गेले तर केस फडक्यातच गोळा झाले, चिकट, मळके. पाकीट रिकामं. माझे केसही काळे, तेवढेच लांब. कात्री समोरच होती.

शुक्रवार, १४

संच सुंदर झालाय. हाच तर त्रास आहे. मोठा फासा बरणीत सोडला. वीस. टिचकी. वीस. टिचकी. वीस. ताईंना दाखवला असता तर त्यांनी फोडला असता, म्हणाल्या असत्या, उरलेले केस आण, नवा ओत. मी वहीत ‘सरळ’ लिहिलं. तिचे वडील न्यायला आले. फासा उजेडात धरून माझ्या केसांना म्हणाले, चल बाळा, घरी. मी त्यांना पाणी आणून दिलं. तेवढंच जमलं.

शनिवार, १५

चार वाजता घरी कपडे वाळत घालत होते. एकदम चहूबाजूंनी ऊब. घामट. कुणाच्या तरी मुठीत असल्यासारखी. मग पाय सुटले. डोळे उघडले तेव्हा दोरीपासून चार हातांवर उताणी पडलेली. आई म्हणते, उपाशीपोटी फिरतेस, दुसरं काय होणार.

शनिवार, २२

पुन्हा चारला. नऊ वेळा पडले. अंगावर निळे त्रिकोणी डाग, तिन्ही कोन टोकदार. डाव्या करंगळीच्या आरपार दिसतंय. टेबलावर आपटली. टिक्. आवाज ओळखीचा आहे.

गुरुवार, २७

तिचे वडील सगळ्यांसाठी केक घेऊन आले. गट फाशाला प्रश्न विचारतो म्हणे. दहापर्यंत नाही, दहाच्या वर हो. आहेस का? वीस. ऐकतेस का? वीस. दर वेळी वीस, ताई, दर वेळी! या शनिवारी तिची आई येणार आहे. अपघाताच्या सकाळी आईनेच तिचे जुने फासे कचऱ्यात टाकले होते, अभ्यास सोडून कसले खेळ म्हणून. पोरगी रागाने सायकल काढून निघाली ती— आईला एकच विचारायचंय. माझ्यामुळे गेलीस का?

ताई डोळे पुसत होत्या. तोंड उघडायची वेळ हीच होती. घासूकाका म्हणाले, काय गं, मूग गिळून बसलीस? मी केक खाल्ला.

शुक्रवार, २८

सांगणार होते. जबडा उघडत नाही. आईला वाटतं दाढ. फोनच्या काचेला माझं बोट बोट वाटतच नाही. टिक्. टिक्. ही वही आईला द्यावी? ती ११ तारखेपर्यंत वाचेल. माझ्याकडे बघेल. नको. उद्या. उद्या देते.

शनिवार, २९

वही दिली. आईने पहिलं पान वाचलं, खेकड्यावर हसली, वही उशाशी ठेवून डॉक्टरांना आणायला गेली.

पावणेचार. पेन दोन बोटांत अडकवलंय.

‘नाही’ म्हणायचं. एवढं एकदाच. कुठलाही लहान आकडा.

पण वजन पाठीत आहे. बरणीतही पाठच खाली, वीस वर— आधीच पालथी झोपते. पालथी—

ऊब.

बाईचा हात. तिच्या आईचा.

काकू, नाही, तुमच्यामुळे नाही, मी ती नाहीच, मी—

चौदा. तीन. सात. सातवर थांब, थांब ना, पाठ ओढतेय—

वी